आमची वाटचाल : घट, वाढ आणि दुसरा दशांश

दूध संस्थांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या जुन्या लोकांत आम्ही मोडतो. फॉक्सप्रो २.६ (माहिती साठवायची जुनी प्रणाली), मराठी अक्षरांसाठी सी-डॅकचं जिस्ट कार्ड आणि ८० कॉलमचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, एवढ्यावर धंदा उभा केला म्हटलं की आमच्याकडची नवी पोरं हसतात. हसू देत. त्या प्रिंटरने कार्बन लावून तीन-तीन प्रतींची बिलं काढलीत. रिबन वाळली तर तिच्यावर मशीन ऑइलचे चार थेंब टाकून आम्ही अख्ख्या गावाचा दिवाळी फरक, म्हणजे संस्था दिवाळीला सभासदांना देते तो दूधदराचा फरक, छापलाय.

कोल्हापुरात राजारामपुरीत, एका झेरॉक्सच्या दुकानावरची खोली. मी आणि माझा भागीदार. कोड त्याचा, संस्था माझ्या. माझे वडील गावच्या संस्थेत दुधाची फॅट काढायचे. ब्युटायरोमीटरमध्ये, म्हणजे फॅट मोजायच्या काचेच्या नळीत, १० मिली ॲसिड, त्यावर पिपेटने १०.७५ मिली दूध, मग १ मिली अमाइल अल्कोहोल, बूच लावून सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या यंत्रात. पिपेट डोळ्याच्या रेषेत धरली नाही तर ते हातावर मारायचे. अर्ध्या पॉइंटने माणसाचं घर हलतं, हे त्यांचं म्हणणं. आमच्या टेस्टिंगच्या वहीची सुरुवात तिथून झाली असं मी धरतो.

ती वही अजून आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, खतावणीची. प्रोग्रॅममध्ये काहीही बदललं की पहिल्या पानापासून सगळं पुन्हा करायचं. एकाच सभासदाचं म्हैस आणि गाय दोन्ही दूध. एकाच वेळी दोनदा घातलेलं दूध. पशुखाद्याची कपात बिलापेक्षा जास्त झाली तर बिल उणे दिसतं की शून्य. बिल दर दहा दिवसांचं, पण फेब्रुवारीचं तिसरं बिल, जे आठ दिवसांचं असतं आणि लीप वर्षात नऊ. ३१ च्या महिन्यातलं अकरा दिवसांचं. आणि वायर ओढणे. हो, वायर ओढणे. संध्याकाळचं संकलन चालू असताना लाइट जाणार हे या भागात गृहीतच, त्यामुळे एंट्री अर्धवट असताना आमचा पोरगा प्लग काढायचा. मशीन पुन्हा चालू केल्यावर इंडेक्स (नोंदी शोधायची यादी) शाबूत आहे का, शेवटचा सभासद एकदाच दिसतो का, हे बघितल्याशिवाय फ्लॉपी बाहेर जायची नाही.

वहीत एक ओळ १०.४ फॅटची आहे. आटत आलेल्या म्हशीची फॅट दहाच्या वर जाते, हे दूध काढणाऱ्याला ठाऊक असतं, कोड लिहिणाऱ्याला नाही. फॅटचा रकाना ९.९ पुरताच ठेवला तर फॉक्सप्रो ओरडत नाही, गुपचूप १०.४ चे १० करून ठेवतं. ४ जून १९९६ ला युरोपचं एरियन ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात, ४० सेकंदांच्या आत फुटलं, त्याची जात हीच. एरियन ४ चा जुना कोड तसाच उचललेला, नव्या रॉकेटचा वेग जास्त, आणि १६ बिटांच्या रकान्यात न मावणारा आकडा. तिथे निदान आवाज झाला.

दुधाचा वजनकाटाही आम्ही ऑफिसातच ठेवला. कॉम्प्युटरच्या सिरियल पोर्टला जोडून त्यावर पाण्याच्या बादल्या ठेवायच्या, आकडा स्थिर होण्याआधी एंटर दाबायचा, बादली अर्धवट उचलायची. दुधाच्या धंद्यात उघडपणे पाणी मोजणारे आम्हीच.

मधली वर्षं बरी गेली. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, बिलं निघत होती.

मग आले ते. नाव घेत नाही, या धंद्यातल्यांना सांगायची गरज नाही. रंगीत स्क्रीन, चकाचक डेमो, आमच्या निम्म्या दरात. नुसता दर कमी असता तर मी निभावलं असतं. खरा घाव वेगळा होता. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये संस्थेला घट दिसायची आणि त्यांच्यात वाढ दिसायची.

संस्था चालवणाऱ्याला हे समजावून सांगायला नको, तरी सांगतो. सभासदांकडून मापून घेतलेलं एकूण दूध आणि दूध संघाच्या टँकरला दिलेलं दूध यात थोडा फरक पडतोच. फेस, कॅनला राहिलेलं, सांडलेलं, सॅम्पलचं. प्रामाणिक काट्यावर थोडी घट येणारच. त्यांच्याकडे रोज वाढ, म्हणजे घेतल्यापेक्षा दिलेलं दूध जास्त. चेअरमन खूश, संचालक मंडळ खूश, आणि मला ऐकवतात, ‘तुमचं काहीतरी चुकतंय बघा.’

चूक कुठे होती ते मी त्यांच्याच पावतीवरून काढलं. काट्यावर ५.२८ आणि पावतीवर ५.२. जवळ असेल त्या आकड्याला न्यायचं सोडून सरळ दुसरा दशांश कापलेला. सरासरीने एका मापाला ४५ मिली. ४०० सभासदांची संस्था, दोन वेळचं दूध, म्हणजे दिवसाला ३६ लिटर आणि दहा दिवसांच्या बिलात ३६० लिटर. सभासदामागे मात्र दहा दिवसांत लिटरभरसुद्धा नाही. तक्रार कोण करणार? ज्याचं जातं त्याला कळत नाही, ज्याला मिळतं तो बोलत नाही. त्यांनी मुद्दाम केलं असं मी आजही म्हणत नाही. काट्याशेजारी उभं राहून कुणी तपासलंच नाही, एवढंच म्हणतो. आणि फायद्याची चूक कंपनीला फोन करून कोण कळवतो?

असं कापाकापीचं प्रकरण कॅनडात व्हँकूवरच्या शेअर बाजारात झालेलं आहे. तिथला निर्देशांक जानेवारी १९८२ मध्ये १००० वर सुरू केला. दर सौद्याला नवा हिशेब, आणि तिसऱ्या दशांशानंतरचं सगळं कापायचं. दिवसाला हजारो वेळा कापलं की काय होतं? नोव्हेंबर १९८३ पर्यंत निर्देशांक ५२४ च्या आसपास आला. नीट हिशेब करून बघितलं तर तो १०९८ हवा होता. बाजार बरा चाललेला, आकडा निम्म्यावर, आणि पावणेदोन वर्षं तसंच.

इंग्लंडच्या पोस्टाचं तर विचारू नका. होरायझन नावाची प्रणाली १९९९ पासून बसवली. तिच्यात घट दिसायची, खरी नसलेली. मशीन चुकणार नाही हे धरून पोस्ट चालवणाऱ्या साध्या माणसांवर चोरीचे, खोट्या हिशेबाचे खटले. ९०० हून अधिक जण दोषी ठरले, काही तुरुंगात गेले. लंडनच्या उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये सॉफ्टवेअरमधल्या चुका मान्य केल्या, आणि शिक्षा सरसकट रद्द व्हायला २०२४ चा कायदा लागला. आमच्याकडे वाढ म्हणून कुणी बघितलं नाही, तिकडे घट दिसली तर माणसालाच आत टाकलं.

आमचं काय झालं? संस्था एकेक करून गेल्या. मी पावत्या घेऊन चेअरमन लोकांकडे गेलो, तर ‘धंदा गेला म्हणून बोलताय’ म्हणाले. एका तालुका संघाने मोठ्या कामाला बोलावलं. मी म्हटलं, तीन बिलं जुनी पद्धत आणि नवी पद्धत शेजारी शेजारी चालवायची, पैशाला पैसा जुळला की जुनी बंद. त्यांना एक तारखेला उद्घाटन हवं होतं, पाहुणे ठरले होते. काम गेलं. पगार थकले. भागीदार म्हणाला, ‘गड्या, खरं असून उपयोग काय?’ आणि पुण्याला हिंजवडीत नोकरी धरली. त्याचा राग नाही. तिथे तो टेस्टिंगच्याच टीमचा मुख्य झाला, आपली वही तिथे इंग्रजीत चालवतो म्हणतो.

राहिले ते तात्या. भुदरगडातल्या एका लहान संस्थेचे सचिव. त्यांच्या संचालकांनीही ठराव आणला होता, सॉफ्टवेअर बदलायचा. तात्यांनी मिटिंगला दोन्ही कंपन्यांच्या पावत्या ठेवल्या, शेजारी वजनकाटा ठेवला आणि तांब्याभर दूध मापून दाखवलं. ठराव पडला. मला मात्र फोनवर एवढंच बोलले, ‘वार्षिक देखभालीचा चेक टाकलाय, लवकर वटवा.’ त्या वर्षी असे चेक फार नव्हते. तात्यांच्या संस्थेला आजही देखभालीचा दर जुनाच लावतो आणि नवीन व्हर्जन पहिल्यांदा तिथे चालवतो, कारण तात्या कौतुक करत नाहीत, चुका शोधतात.

प्रकरण फुटलं ते निवडणुकीत, दुसऱ्या कशाने फुटणार? एका मोठ्या संस्थेत विरोधी पॅनेलने पत्रक काढलं, ‘वाढीचं दूध कुणाचं?’ गावोगावी पावत्या आणि काटे निघाले. मग त्या कंपनीने काय करावं? नवीन व्हर्जन आणलं, ‘दोन दशांश अचूकता’ ही खास सुविधा म्हणून, वर जादा पैसे घेऊन! सभासदांचं गेलेलं दूध कुणी परत केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आमच्याकडे काही संस्था आल्या, काही लाजेने आल्या नाहीत.

नव्याने या धंद्यात उतरणाऱ्यांना दोन-चार गोष्टी सांगतो, विचारलं नसलं तरी. कोड लिहिणाऱ्याने बनवलेल्या माहितीवर टेस्टिंग करू नका, तो आपल्या वाटेने बरोबर चालतो. सचिवाकडून जुनं, घाण, खाडाखोड केलेलं रजिस्टर आणा. दिवाळी फरकाच्या तोंडावर काहीही बदलू नका. आणि बिल ज्याच्या हातात पडतं, त्याच्या घरी जाऊन एकदा तरी ते जोडून बघा. ऑफिसात बसून सगळी बिलं बरोबरच दिसतात. आता तर वजन, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) थेट मशीनमधून मोबाईलवर जातं, मधे माणूसच नाही. म्हणजे चूक झाली तर ती दोन्ही वेळ, रोज, सगळ्यांची.

गेल्या वर्षी एका चेअरमन साहेबांचा फोन आला. बरंच गोड बोलले, सगळी माहिती घेतली, दर विचारला. शेवटी म्हणाले, ‘तेवढं वाढ दिसेल असं काही करता येतंय का बघा की.’ कोटेशन पाठवलं, दोन दशांशांसकट. अजून उत्तर नाही.