फक्त अवाढव्य बघायचं!

आमच्या घरी सहलीचा बेत म्हणजे आधी भांडण. दिवाळीनंतर इंदुरातून गाडी काढायची आणि आसपासच्या फक्त अवाढव्य गोष्टी बघून यायचं, हा माझा हट्ट. महाल नको, धबधबा नको. कुणीतरी कधीतरी प्रमाणाबाहेर जाऊन केलेलं काहीतरी हवं.

नारळ बडा गणपतीला फोडायचा, एवढ्यावर मात्र एकमत आहे. मूर्ती सुमारे 25 फुटांची. पण आम्हा इंदूरकरांना 'बडा गणपती' म्हणजे रिक्षावाल्याला सांगायचा चौक. आत कोण जातंय!

तिथून साठेक किलोमीटरवर धार. खरं तर सगळा बेत मी धारच्या 'लाटे'साठीच, म्हणजे तिथल्या लोखंडी खांबासाठीच रचलाय. "तुटकं लोखंड बघायला एवढं पेट्रोल?" हा बाबांचा सवाल. तुटकंच आहे. लाट मशिदीच्या आवारात ओट्यावर लोखंडी खांबाचे तीन तुकडे आडवे ठेवलेत. एकाला एक जोडले तर 43 फुटांच्या वर जातात, वजन सात टनांच्या घरात. दिल्लीचा जगप्रसिद्ध लोहस्तंभ याच्या जेमतेम निम्म्या उंचीचा. जहांगीर आपल्या आठवणींत लिहितो, की गुजरातचा बहादूरशाह हा खांब न्यायला निघाला आणि त्या खटाटोपात तो पडून तुटला. मोठा तुकडा आग्र्याला नेऊन अकबराच्या कबरीपाशी त्यावर दिवा लावावा, असं पुढे जहांगीरच्याही मनात आलं. तुकडा धारमधून हलला नाही, ते बरंच झालं.

लोककथेत तर इतिहासापेक्षा मोठी मापं. गांगली तेलीण नावाची राक्षसीण होती, हा खांब तिच्या तराजूची दांडी आणि बुडाशी पडलेले धोंडे तिची वजनं! मला विचाराल तर लाट आडवी आहे तेच छान. उभी असती तर मान वर करून "अबब" म्हटलं असतं आणि पुढे निघालो असतो. आता चौकोनी अंग कुठे अष्टकोनी होतं ते दिसतं, अंगावरची गोल भोकं दिसतात. तापलेलं लोखंड उलटंपालटं करायला त्यांत पहारी घालत असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

पुढे मांडू. जहाज महाल बाबांच्या समाधानापुरता. मला तिथली गोरखचिंचेची झाडं बघायचीत. मूळची आफ्रिकेची, आणि बुंधे असे की चार माणसांनी हात धरून वेढा घातला तरी पुरायचा नाही. भोपळ्याएवढी फळं रस्त्याकडेला 'मांडू की इमली' म्हणून विकतात. गर पांढरा, आंबट.

मग घाट उतरून निमाडात, बडवानीजवळच्या बावनगजाला. सातपुड्याच्या कड्यात कोरलेले 84 फुटांचे आदिनाथ. श्रवणबेळगोळचा गोमटेश्वर 57 फुटांचा, तरी सहली तिकडेच जास्त. दिवाळीनंतरचा मुहूर्त यासाठीच; उन्हाळ्यात निमाडात दगडावर पाय ठेववत नाही.

खरा वाद परतीच्या वाटेचा. मावशीला ओंकारेश्वरला जायचंय. ज्योतिर्लिंग आहेच, शिवाय मांधाता टेकडीवर बाल शंकराचार्यांचा 108 फुटी पुतळा उभा आहे, सप्टेंबर 2023मध्ये अनावरण झालेला. नव्या भव्य पुतळ्यांबद्दल मी जरा साशंकच असते. क्रेन आल्यापासून उंचीचं अप्रूप राहिलं नाही. पण हा पुतळा वासुदेव कामतांच्या चित्रावरून सोलापूरच्या भगवान रामपुऱ्यांनी घडवलाय, हे कळल्यावर माझा विरोध मावळला. सनावदमार्गे जायचं, बडवाहवरून इंदूर गाठायचं.

रात्री दुकानांची शटरं पडल्यावर सराफ्यात, म्हणजे सराफी पेढ्यांपुढे भरणाऱ्या इंदूरच्या खाऊबाजारात पोहोचलो, तर शेवटचा मुक्काम जलेबा. ताटलीबाहेर लोंबणारी ती जिलेबी एकट्याने संपवण्याची पैज भाच्याने आत्ताच लावली आहे. बाबा म्हणतात, सगळ्या यादीत मोजमाप घेण्यासारखं तेवढंच आहे.