ब्रँडेड कॉम्प्युटरचे जादा पैसे नेमके कशाचे?

डेल, एचपी किंवा लेनोवोचा तयार डेस्कटॉप आणि तोच प्रोसेसर, तेवढीच रॅम घालून जोडून घेतलेला असेंबल्ड संगणक यांच्या किमतीत काही हजारांचा फरक पडतो, आणि हा फरक म्हणजे निव्वळ नावाचे पैसे, अशी समजूत आपल्या खान्देशात रूढ आहे. मला ती अर्धवट वाटते.

मुळात ही तुलनाच बहुतेक वेळा चुकीची केली जाते. तयार संगणकाच्या किमतीत सहसा विंडोजचा अधिकृत परवाना धरलेला असतो. दुकानदाराच्या कोटेशनमध्ये मात्र तो नसतो, आणि ‘विंडोज टाकून देतो’ या आश्वासनाचा अर्थ काय, हे सर्वांना ठाऊक असते. ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार आणि जीएसटीची विवरणपत्रे भरायची, त्यावर क्रॅक केलेली, म्हणजे परवाना चुकवून टाकलेली प्रणाली चालवणे मला मुळीच मान्य नाही. परवान्याची किंमत मिळवली की फरक बराच कमी होतो.

उरलेली रक्कम असते ती जबाबदारीची. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या डाळ मिलचे उदाहरण घ्या. माल भरलेला ट्रक फाटकात उभा आहे आणि संगणक बंद पडल्यामुळे ई-वे बिल निघत नाही, अशा वेळी दोष मदरबोर्डचा की रॅमचा हे शोधत बसायला तिथे कोणालाच सवड नसते. एका क्रमांकावर फोन करावा आणि दुसऱ्या दिवशी माणूस भाग घेऊन दारात यावा, यासाठी मोजलेले पैसे वाया गेले असे मी कधीच म्हणणार नाही. पण तो माणूस खरोखर येतो का? जागेवर सेवा देण्याची हमी जळगाव-धुळ्यात जितकी पाळली जाते, तितकीच ती नंदुरबार जिल्ह्यातील दुर्गम अक्कलकुवा किंवा धडगावला पाळली जाईल, असे गृहीत धरू नये.

या संगणकांची दुसरी बाजू झाकण उघडल्यावर दिसते. सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याच्या कार्यालयातील, वॉरंटी संपलेला नामांकित कंपनीचा डेस्कटॉप मी उघडला, तेव्हा त्याचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, जळालेला होता. बाजारात सर्रास मिळणाऱ्या एसएमपीएसची २४ पिनांची जोडणी त्याच्या मदरबोर्डवर बसतच नव्हती, कारण कंपनीने स्वतःची वेगळी, कमी पिनांची जोडणी दिली होती, आणि वेगळ्या आकारामुळे दुसरा एसएमपीएस त्या कॅबिनेटमध्ये मावलाही नसता. रॅमची एकच पट्टी होती व शेजारचा स्लॉट रिकामा होता. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्रात चित्रासाठी हीच रॅम वापरली जाते, म्हणून एका मोठ्या पट्टीऐवजी निम्म्या क्षमतेच्या, एकाच वेळी काम करणाऱ्या दोन पट्ट्या असत्या, तर तेच यंत्र अधिक चपळ चालले असते. जादा पैसे घेऊनही कंपन्या अशी काटकसर करतात, याचा मला मनापासून राग येतो.

असेंबल्ड संगणकात प्रत्येक भागाची वॉरंटी स्वतंत्र असते. प्रोसेसरला सामान्यतः ३ वर्षे, चांगल्या एसएसडीला (माहिती साठवणाऱ्या भागाला) ५ वर्षे, तर घरगुती वापराच्या तयार डेस्कटॉपला बहुधा १ वर्षच मिळते. मात्र बिघडलेला भाग ओळखणे, तो काढणे आणि काउंटरपर्यंत नेणे हे काम आपले. शिवाय भाव पाडण्यासाठी दुकानदार कॅबिनेटसोबत येणारा स्वस्त एसएमपीएस गळ्यात मारतात; भुसावळचा मे महिन्यातला पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा आणि वर-खाली होणारा वीजदाब सोसण्याची ताकद त्यात नसते.

२०२५च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले, त्यामुळे सुटे भाग घेणे स्वस्तच पडते हा जुना हिशेबही आता प्रत्येक वेळी नव्याने मांडावा लागतो.

माझे मत असे, की ज्या कार्यालयाचे काम संगणकावाचून अडते, त्याने ३ वर्षांच्या ऑन-साइट वॉरंटीचे व्यावसायिक श्रेणीतील ब्रँडेड मॉडेल घ्यावे. घरात एखादा मुलगा वा मुलगी पेचकस हातात घ्यायला उत्सुक असेल, तर असेंबल्डच घ्यावा. मात्र पक्के बिल, त्यावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक आणि नावाजलेला एसएमपीएस यांबाबत तडजोड करू नये. आणि ब्रँडेड घेताना पैसे देण्यापूर्वी कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर स्वतः फोन करून, आपल्या गावच्या पिनकोडवर माणूस येतो का, हे विचारून घ्यावे.