शर्ली चिझम: बालवाडीतून काँग्रेसच्या समित्यांवर

शर्ली चिझम म्हटलं की '1968 साली अमेरिकी काँग्रेसवर, म्हणजे तिथल्या संसदेवर, निवडून आलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री' एवढं सांगून लोक मोकळे होतात. त्यांनी तिथे केलं काय, हे कळायला त्या कोणत्या समितीवर बसत होत्या ते पाहावं लागतं.

मूळ पेशा लहान मुलांना शिकवण्याचा. 1959 पर्यंत त्या न्यूयॉर्कच्या हॅमिल्टन-मॅडिसन बालसंगोपन केंद्राच्या संचालक होत्या. 3 ते 7 वर्षांची 130 मुलं आणि हाताखाली 24 माणसं. 1965 पासून न्यूयॉर्क राज्याच्या विधानसभेत. बाळंतपणाची रजा घेतली म्हणून शिक्षिकेची कायमची नोकरी धोक्यात येऊ नये, हा कायदा त्यांनी तिथे करून घेतला. शाळेत काम केलेल्या बाईलाच तो सुचणार!

1969 मध्ये वॉशिंग्टनला गेल्यावर वाट्याला आली कृषी समिती, आणि त्यातही जंगलं नि खेड्यांची उपसमिती. मतदारसंघ तर न्यूयॉर्क शहरातल्या ब्रुकलिनच्या दाट वस्तीतला. सभापती मॅकॉर्मक यांचा सल्ला होता, मिळालंय ते मुकाट्यानं करा. चिझमबाईंनी थेट आपल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या बैठकीत विषय काढला. नव्या सदस्यानं असं बोलायची रीत नव्हती, पण समिती बदलून मिळाली: माजी सैनिकांची. कृषी समितीवर बसून त्यांनी गरिबांची पोटं भरली, ही गोष्ट बरीच फिरते. ऐकायला छान आहे, पण त्या समितीवर त्या टिकल्याच नाहीत.

खरी जागा मिळाली 1971 मध्ये, शिक्षण आणि कामगार समितीवर. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्याच खासदार बेला अब्झग यांच्यासोबत त्यांनी पाळणाघरांसाठी मोठ्या निधीचं विधेयक मांडलं. याच विषयावरचं दुसरं, आटोपशीर विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. राष्ट्राध्यक्ष निक्सननी 9 डिसेंबरला नकाराधिकार वापरला आणि तो उलटवायला लागणारी दोन तृतीयांश मतं सेनेटमध्ये जमली नाहीत.

घरकामगारांचं मात्र जमलं. चिझम यांच्या आईनंही घरकाम केलेलं. किमान वेतनाचं विधेयक 1973 मध्ये निक्सननी परत पाठवलं, 1974 मध्ये सही केली, आणि घरकाम करणाऱ्या बायका पहिल्यांदा त्या कायद्याखाली आल्या. त्यातूनही अधूनमधून मुलं सांभाळणाऱ्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या सोबतीला राहणाऱ्या बायका वगळल्या गेल्याच.