आमची वाटचाल : रेघ आमची, बिल भलत्याचं

पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या गल्लीत आमचं डिझाइनचं दुकान आहे. लग्नपत्रिका, मानपत्रं, सराफांच्या पिशव्या. सुरुवात रॉटरिंग पेन आणि बटर पेपरवर झाली. पेन रात्री धुतलं नाही की सकाळी शाई वाळून ठप्प. मग डीटीपी (कॉम्प्युटरवरची छपाईची जुळणी) आलं, कोरल (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) आलं. ते सगळ्यांनीच केलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आमचं नाव झालं ते फोटोशॉपमधल्या नक्षीच्या रेघांमुळे. २००२ला फोटोशॉप ७ आलं आणि त्यातलं ब्रशचं इंजिनच नवीन होतं. लक्ष्मी रोडवरचे एक सराफ आहेत, आम्ही त्यांना काकाच म्हणतो. ते म्हणाले, "पत्रिकेची बॉर्डर मोहनमाळेसारखी कर. मणी मोजता आले पाहिजेत." एक मणी काढला, त्याचा ब्रश केला, म्हणजे रेघ ओढली की तोच मणी ठशासारखा पुन्हापुन्हा उमटतो. स्पेसिंग, म्हणजे दोन ठशांमधलं अंतर, मुळात ठशाच्या रुंदीच्या २५ टक्के असतं, त्यात मणी एकमेकांवर चढून नुसती सळई दिसते. १००ला मणी मण्याला टेकतो. जरा वर नेलं की दोऱ्यापुरती फट पडते. पेन टूलने पाथ, म्हणजे रेघेचा मार्ग, काढून त्यावर ब्रशचा स्ट्रोक मारला. काकांनी डोळ्याला भिंग लावून प्रिंट पाहिली आणि एवढंच म्हणाले, "हं. आता कोपरे."

कोपऱ्यातच सगळ्यांची फजिती होते. पैठणीचा नारळी काठ करायचा तर ब्रशच्या अँगल जिटरच्या (ठशाचा कोन बदलणाऱ्या सेटिंगच्या) कंट्रोलला 'डिरेक्शन' द्यायचं, म्हणजे नक्षी पाथबरोबर वळते. पण काटकोनात ती एकावर एक चढतेच. म्हणून आम्ही चारही बाजूंचे पाथ वेगळे ठेवतो आणि कोपरा हाताने काढतो. वेळ लागतो. लागू दे.

आमच्याकडेच माउस धरायला शिकलेला एक पोरगा ऐन तुळशीच्या लग्नाच्या तोंडावर सोडून गेला आणि दोन गल्ल्या पलीकडे बोर्ड लावला. जाताना प्रूफच्या, म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवायच्या नमुन्यांच्या, जेपीजी घेऊन गेला. त्याच मोहनमाळा, तोच नारळी काठ, भाव निम्मा! वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं आमच्या दारावरून त्याच्याकडे जायची, आणि वर नमस्कारही करायची. एक मशीन विकलं. दुकानाला गिऱ्हाईक बघायला दलालालाही सांगून ठेवलं होतं. काका तेवढे हलले नाहीत. दिवाळीच्या पिशव्यांचं काम कोटेशन न मागता दिलं, वर ॲडव्हान्स.

मग त्या पोराकडे सोनेरी फॉइलची मोठी ऑर्डर आली. प्रूफची जेपीजी म्हणजे ७२ डीपीआय, इंचाला जेमतेम ७२ ठिपके, कडेला करडी झालर. तीच ताणून मोठी केली. फॉइल दाबायच्या ब्लॉकला (ठशाला) करडं चालत नाही, एकतर काळं नाहीतर पांढरं. मणी कुठे चिकटले, कुठे गायब झाले. मुलीचे वडील पत्रिकेचा गठ्ठा घेऊन रात्री आमच्याकडे आले. आमच्याकडे मूळ पाथ होते. १२०० डीपीआयला, शुद्ध काळ्यात काढून दिलं.

२०२०ला लग्नाला ५० माणसांची अट आली तेव्हा काय झालं ते सगळ्यांनाच माहीत आहे, त्यावर रडत नाही.

नवीन पोरांनी विचारलं नसलं तरी सांगतो. केसासारखी रेघ चार रंगांत कधी देऊ नका, रजिस्टर (रंगांची एकमेकांवरची जुळणी) हललं की शेजारी लाल-निळं भूत उभं राहतं. लेयर स्टाइलचा स्ट्रोक, म्हणजे आकाराभोवतीची कड, 'आउटसाइड' ठेवला की कोपरे गोल होतात, धार हवी तर 'इनसाइड'. आणि पाथ सेव्ह केल्याशिवाय जेवायला उठू नका.

तो पोरगा आता फॉइलची कामं आमच्याकडूनच करून घेतो. आम्ही करतो, पैसे आधी घेऊन. आमची मोहनमाळ मात्र अजून त्याच्या कॅटलॉगात आहे, तिसऱ्या पानावर, खाली त्याचं नाव.