भर उन्हाळ्यात पाठीवर आलं

जुलैत बीजिंगला येऊ नकोस, असं लेक सांगत होती. पण तिची रजा आणि माझा व्हिसा तेव्हाच जुळत होते. १५ जुलै २०२४ च्या सकाळी मी तिच्या बाल्कनीत उभी होते. इकडे पालख्या पंढरपूरजवळ आल्या होत्या, एकादशी दोन दिवसांवर. आणि तिथे सकाळी सहालाच पाठीला कपडे चिकटत होते. ऊन नाही, नुसती वाफ.

नेमका त्याच दिवशी 'सानफू' लागला. आपण मृग लागला, आर्द्रा लागली म्हणतो, तसंच. चिनी पंचांगात दिवसांचं दहाचं चक्र असतं, त्यातला एक 'गंग'. उन्हाळी अयनदिनानंतरचा तिसरा गंग आला की वर्षातले सगळ्यात तापाचे दिवस सुरू होतात. कधी तीस, कधी चाळीस. २०२४ मध्ये चाळीस होते. 'फू' म्हणजे दबून बसणं. उन्हात उगाच फिरू नये, हा त्यातला इशारा. आम्ही अर्थातच फिरायला निघालो.

१४२० साली बांधलेलं 'टेंपल ऑफ हेवन'. सम्राट इथे चांगल्या पिकासाठी प्रार्थना करायचे. आता सकाळी तिथल्या जुन्या सुरूसारख्या झाडांखाली निवृत्त लोकांचं राज्य असतं. कोणी पत्ते कुटतंय, कोणी गातंय, आणि एका कोपऱ्यात पंधरावीस जण 'बादुआनजिन' करतायत, म्हणजे रेशमी वस्त्राचे आठ तुकडे. छिगोंग म्हणजे श्वास आणि संथ हालचालींचा चिनी व्यायाम, त्यातला हा बहुधा सगळ्यात लोकप्रिय प्रकार. नाव सोंग राजवटीपासूनचं, पण आज दिसणारा ठरीव क्रम सरकारी क्रीडा खात्यानं २००३ च्या सुमारास बसवलेला. म्हणजे प्राचीन आणि सरकारी, दोन्ही.

मी मागच्या रांगेत घुसले. पहिल्या चार हालचाली सूर्यनमस्कारांच्या जोरावर निभावल्या. पाचवीनं घात केला. तिचं नाव: डोकं हलवा, शेपूट फिरवा, हृदयातली आग घालवा. चिनी वैद्यकात उन्हाळा हा अग्नीचा आणि हृदयाचा ऋतू. चिडचिड, झोप उडणं, तोंड येणं हे सगळं या आगीच्या खात्यावर. पाय फाकवून अर्धवट बसायचं, हात मांड्यांवर, कमरेपासून वाकून डोकं एका बाजूनं गोल न्यायचं आणि माकडहाड उलट दिशेला. माझं डोकंच फिरत होतं, शेपूट जागच्या जागी. शेजारच्या बाईंनी न बोलता माझ्या कमरेवर दोन बोटं टेकवली आणि हलकेच ढकललं. काहीतरी सुटलं खरं. लेक म्हणाली, ''त्यांना 'आयी' म्हण.'' चिनीत आयी म्हणजे मावशी. मला ते म्हणताना फार बरं वाटलं.

मला जुनी सर्दी आहे हे आयींनी दहा मिनिटांत ताडलं आणि त्याच दुपारी आम्ही एका दवाखान्याच्या रांगेत होतो. उन्हाळ्यात? हो, उन्हाळ्यातच. 'हिवाळ्याचा आजार उन्हाळ्यात बरा करावा' हे तिथलं तत्त्व. शरीरातली ऊब या दिवसांत बाहेरच्या अंगाला आलेली असते, तेव्हाच औषधाची ऊब आत रुजवायची. दमा, जुना खोकला, सर्दीवाले सानफूत तीनदा येतात, साधारण दहा-दहा दिवसांनी. पांढऱ्या मोहरीची पूड आणि काही औषधी मुळ्या आल्याच्या रसात कालवून केलेला तपकिरी लगदा, पाच रुपयांच्या नाण्याएवढा, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना खांद्यांच्या पात्यांमध्ये चिकटवतात. ओव्याच्या पुरचुंडीनं छाती शेकून वाढलेल्या मला हे अगदीच परकं वाटलं नाही.

पाच तासांनी काढा, असं बजावलं होतं. मी घरी येऊन झोपले आणि सात तासांनी उठले. उजवीकडे दोन फोड. चूक सर्वस्वी माझी.

सगळ्यात गोंधळ उडाला तो आल्याचा. आपल्याकडे ग्रीष्मात तिखट, आंबट, खारट कमी करा असं आयुर्वेद सांगतो. तिकडे म्हण आहे: हिवाळ्यात मुळा, उन्हाळ्यात आलं, मग वैद्याची चिठ्ठी नको. बाहेर उकाडा असला की पोट आतून गार पडतं, असा त्यांचा हिशेब. गंमत म्हणजे ग्रीष्मात अग्नी मंद होतो, हे आपणही म्हणतो. निदान जवळपास एक, उपाय उलटा. म्हणून जेवणानंतर गरम पाणी, बर्फ नाही. मुगाचं पाणी आणि सुकवलेल्या आंबट फळांचं 'स्वानमेइथांग' मात्र जोरात. त्याचा पहिला घोट घेतला आणि कोकम सरबताची आठवण झाली, फक्त धुरकट.

पुढचे दोन लेप राहिलेच, परतीचं तिकीट २२ चं होतं. त्या डिसेंबरात सर्दी नेहमीप्रमाणे आली, त्यामुळे लेपाची बाजू मी घेऊ शकत नाही. आयींना लेकीनं व्हिडिओ कॉलवर फोडांचे डाग दाखवले. त्या खूश झाल्या, काहीतरी भराभरा बोलल्या. लेक हसत म्हणाली, ''म्हणतायत, औषध लागलं. पुढच्या वर्षी उरलेले दोन घ्यायला या.''