दिवेलागणीचं दार

आमच्या घरात रोज संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास एक वाद होतो. तो माझ्या लग्नाइतकाच जुना, म्हणजे एकोणीस वर्षांचा आहे. देवापुढं दिवा लागला की सासूबाई मागचं दार लावून घेतात आणि पुढचं सताड उघडतात. लक्ष्मी पुढून येते, आणि मागचं उघडं दिसलं तर तशीच निघून जाते, एवढं साधं त्यामागचं शास्त्र. माझं म्हणणं, नेमक्या त्याच वेळी अंगणातले झाडून सगळे डासही पुढूनच आत येतात, आणि मागचं दार लावलेलं असल्यामुळं ते मात्र निघून जात नाहीत.

"अगं, तिन्हीसांजेला दार लावलेलं दिसलं तर लोक काय म्हणतील?"

"लोक आपापल्या घरी दारं लावून बसलेत, आई."

शेवटी तीन वर्षांपूर्वी जाळीचं दार बसवलं. लक्ष्मीला जाळीतून येता येतं की नाही यावर दोन दिवस चर्चा झाली. सासरे, म्हणजे अण्णा, वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "इतकी वर्षं उघड्या दारातून किती आली ते सांग आधी." विषय मिटला. डासांचा मिटला नाही, कारण शेजारच्या काकू संध्याकाळी येतात आणि "बसत नाही गं" म्हणत एक पाय आत, एक पाय बाहेर ठेवून, जाळीचं दार पाठीनं रेटून पाऊण तास बोलतात.

घर गावाच्या टोकाला आहे. पुढं अंगण, मागं परसू, त्यात केळी, अळू, एक म्हातारा शेवगा. अळू आहे म्हणजे ओल आहे, ओल आहे म्हणजे डास आहेत, हे गृहीतच धरलेलं. रात्री मच्छरदाणी लावायची, तिचं एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं कॅलेंडरच्या खिळ्याला, तिसरं पंख्याच्या बटणांशेजारच्या हुकाला आणि चौथं कपाटाच्या मुठीला. रात्री कुणी कपाट उघडलं की आम्ही दोघं मासे अडकावेत तसे जाळ्यात. कडा गादीखाली खोचून, दिवा घालवून पाठ टेकावी, तर कानाशी तो आवाज. दिवा लावला की कुणी नाही. घालवला की आहे.

मराठीत डास पुल्लिंगी आहे. चावते मात्र फक्त मादी. नर बिचारा फुलांतला रस पिऊन राहतो. हे कळल्यापासून आमच्या घरातला नर हे वाक्य अधूनमधून कारण नसताना ऐकवतो. मी त्याला सांगते, तिला अंडी घालायची असतात, त्यासाठी रक्तातलं प्रथिन लागतं, म्हणजे हे डोहाळे आहेत. आणि ती गुणगुण तर आपल्यासाठी नसतेच. सेकंदाला चार-पाचशे वेळा हलणाऱ्या पंखांचा तो सूर नराला ऐकू जातो आणि तो तिच्यामागं येतो. आपला कान मध्ये येतो, इतकंच.

मच्छरदाणीच्या आत अडकलेली डासीण (शब्द माझा, शब्दकोशात शोधू नका) शेवटी टाळीत सापडते आणि तळहातावर रक्ताचा थेंब उमटतो. तेव्हा पहिला प्रश्न मनात येतो तो, हे कुणाचं? उत्तर नवऱ्याचं असेल तर झोप लवकर लागते.

सासूबाईंचा विश्वास धुरावर. पूर्वी शेणाच्या गोवरीवर कडुनिंबाचा पाला आणि लसणाची सालं टाकून धुरी करायच्या, डास जायचे आणि आम्हीही अंगणात जायचो. आता कॉइल. दोन कॉइली एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि त्या सोडवताना माझ्याकडून हमखास तुकडे होतात. आई त्या मधल्या जागी दोन्ही अंगठ्यांनी हलकंच दाबून, जिलबी उचलावी तशा अलगद वेगळ्या करतात. ही कॉइल जपानची. उएयामा नावाच्या उद्योजकानं 1890च्या सुमारास शेवंतीच्या कुळातल्या एका फुलाची भुकटी घालून डासांसाठी उदबत्ती केली. ती सरळ होती आणि चाळीसेक मिनिटांत संपायची. रात्रभर पुरायला ती वेटोळी करावी, हे त्याच्या बायकोनं, युकीनं सुचवलं असं सांगतात. हे मी आईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "रात्री उठून दुसरी लावायला तिलाच लागत असणार."

गेल्या पावसाळ्यात एक दिवस आशाताई आल्या. (नाव वेगळं आहे, पण गावात सगळ्या आशाताईच.) साचलेल्या पाण्याची पाहणी होती. मी जरा तोऱ्यातच म्हटलं, "आमच्याकडं काही नाही हो, गटार लांब आहे." त्या हसल्या आणि गटाराकडं न जाता थेट बैठकीच्या खोलीत आल्या. खिडकीत काचेच्या बाटलीत माझा मनीप्लांट. त्यांनी मोबाइलचा उजेड बाटलीवर धरला. "ताई, हे बघा."

मुळांच्या मधे बारीक स्वल्पविराम हलत होते. बाटलीला बोट लावलं की अंग पिळवटत तळाला जायचे, थोड्या वेळानं एकेक वर येऊन पाण्याच्या पृष्ठभागाला शेपटी टेकवून उलटे लटकायचे. श्वासाची नळी शेपटीकडं असते म्हणाल्या. आठवडाभर मी त्या बाटलीकडं बघून प्रसन्न होत होते, "किती छान मुळं फुटलीत" म्हणून मैत्रिणीला फोटोही पाठवला होता. तो नंतर मोठा करून पाहिला. त्यातही होते.

मग घरभर वरात. फ्रीजच्या मागचा ट्रे, जो असतो हेच मला माहीत नव्हतं. पाखरांसाठी ठेवलेलं पसरट भांडं. तुळशीच्या कुंडीखालची ताटली. तांब्याचं भांडं (तांब्या म्हणजे आमचा कुत्रा, रंगावरून नाव). आणि परसात अण्णांचा संसार. अण्णांच्या जगात वस्तूंचे दोनच प्रकार, लागणाऱ्या आणि 'लागेल कधीतरी'. दुसऱ्या प्रकारात स्कूटर विकल्यावर उरलेला तिचा एक टायर, रंगाचे चार डबे, फुटक्या माठाचा खालचा अर्धा भाग आणि एक कमोडची टाकी, जी कुणाच्या घरची आहे हे आजवर कळलेलं नाही. टायर तिरका केला तर आतून काळं पाणी सांडलं आणि त्यात नुसती वळवळ.

ज्याला आपण डेंग्यूचा डास म्हणतो, पायावर पांढरे पट्टे असलेला, तो गटाराचा नाहीच. त्याला निवळ पाणी आवडतं, तो दिवसाढवळ्या चावतो आणि सहसा शे-दोनशे मीटरच्या पलीकडं जात नाही. म्हणजे मला चावलेला डास एक तर आमच्या घरी जन्मलेला किंवा काकूंच्या. इतकी वर्षं मी दाराशी भांडत होते आणि बाळंतपणं बैठकीच्या खोलीत चालली होती.

आशाताईंनी आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायला सांगितला. अंड्यातून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, त्याच्या आत सगळी भांडी रिकामी. नुसती ओतून चालत नाहीत, घासायची. अंडी पाण्याच्या रेषेच्या वर भांड्याला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात, आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. अण्णांनी 'कोरडा दिवस' ऐकून नाटकी उसासा टाकला, "दोन ऑक्टोबरला असतो तो कमी होता काय?" अण्णा आयुष्यात कधी प्यायलेले नाहीत.

आमच्याकडं नळाला पाणी दिवसाआड येतं, त्यामुळं मागचा हौद काही दर आठवड्याला रिकामा होत नाही. त्यात आशाताईंनी पिशवीतून आणून गप्पी मासे सोडले. काय चपळ! अळी वर आली की गट्टम. पण अण्णांचा त्यांच्यावर जीव जडला आणि ते सकाळी चहाबरोबरची पोळी कुस्करून हौदात टाकू लागले. महिन्याभरानं मासे चांगले गुबगुबीत दिसत होते आणि त्यांच्या शेजारी अळ्याही आनंदात होत्या. पोळी बंद केली.

डासाबद्दल मला राग आहे, पण किळस नाही. किळस गोचिडाची. डास निदान येतो, चावतो, जातो. गोचीड राहायला येतो.

तांब्याच्या अंगावर पहिला गोचीड मला कानामागं सापडला. आधी वाटलं चामखीळ आहे. मग चामखिळीला पाय दिसले, मोजले तर आठ. गोचीड कीटक नव्हे, कोळ्याच्या नात्यातला. तपकिरी कुत्र्यावर तपकिरी गोचीड, म्हणजे बघायलाच नको. केस उलटे सारत जायचं, बोटांच्या फटींत बघायचं, चिमट्यानं कातडीच्या अगदी लगत धरायचं आणि न पिळता सरळ, सावकाश ओढायचं. क्षणभर कातडी तंबूसारखी वर येते आणि मग सुटतो. तांब्या त्या वेळी माझ्याकडं बघतो ती नजर दाढ काढताना माणसं बघतात तशी. काडीनं चटका द्या, तेल ओता, तंबाखू लावा, असले सल्ले देणारे खूप. गोचीड त्यानं बिथरतो आणि सुटण्याआधी पोटातलं जखमेत ओकू शकतो, म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, काही लावायचं नाही.

काढलेले गोचीड बुडवायला अण्णांनी निळं रॉकेल आणलं. रेशनवर मिळायचं त्या काळातली बाटली, माळ्यावर जपून ठेवलेली. "म्हटलं होतं ना, लागेल कधीतरी!" आठवडाभर ते विजयी मुद्रेनं वावरत होते.

पण तांब्या साफ केला की चार दिवसांनी पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले, कुत्र्यावर दिसतात त्यापेक्षा कितीतरी जास्त घरात असतात. हा गोचीड जन्मभरात तीनदा रक्त पितो आणि पहिल्या दोन वेळी खाली उतरून फटीत जाऊन कात टाकतो. शेवटी टम्म फुगलेली मादी भिंतीच्या भेगेत हजारो अंडी घालते आणि मरते. जेवायला मिळालं नाही तरी महिनोन्‌महिने वाट बघतो. उडता येत नाही, उडी मारता येत नाही, नुसती चिकाटी. रात्री बॅटरी घेऊन पडवीच्या भिंतीवर पाहिलं, तर छताच्या दिशेनं एक तीळ चालला होता. त्याच्यामागं आणखी दोन. मग भेगा बुजवल्या, चुना काढला, तांब्याची गोणपाटं जाळली, त्याला डॉक्टरांची गोळी सुरू केली. गोळीची किंमत ऐकून अण्णा म्हणाले, "एवढ्यात माझी शुगर, बीपी दोन्ही भागतं."

गोचिडाची थट्टा मी माझ्या मावशीपुढं करत नाही. ती दोडामार्गकडची. तिकडं 2016 साली माकडताप आला. कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि माणसं तापानं फणफणली, ती 1957 सालची गोष्ट; पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी तो विषाणू शोधला आणि तो जंगलातल्या गोचिडांतून येतो हेही. तोच ताप सह्याद्रीतून सरकत सिंधुदुर्गात उतरला, आणि नेमका काजूच्या हंगामात, कारण पालापाचोळ्यातल्या बारीक गोचिडांचे आणि बोंडं गोळा करणाऱ्या माणसांचे महिने एकच. मावशीकडची माणसं अजून हातापायांना गोचीड दूर ठेवणारं डीएमपी तेल चोळून बागेत जातात आणि माकड मेलेलं दिसलं की जवळ न जाता आधी आरोग्य केंद्रात कळवतात. संध्याकाळी घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि सगळ्यांच्या पाठी एकमेकांनी तपासायच्या, असा तिच्याकडं नेम आहे. आमच्या दाराच्या वादासारखाच रोजचा, फक्त त्यावर कुणी विनोद करत नाही.

आता राहिला आमचा ओम्या, वय वर्षं नऊ. शाळेत 20 ऑगस्टला जागतिक डास दिन झाला आणि रोनाल्ड रॉसची गोष्ट ऐकून आला. 1897 साली सिकंदराबादला रॉसनं हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाला डास चावून घेतले आणि डासामागं एक आणा दिला. त्यातल्याच एका डासाच्या पोटात त्याला हिवतापाच्या जंतूंचा माग लागला. रॉसला पुढं नोबेल मिळालं. ओम्याच्या डोक्यात राहिला तो आणा.

अण्णांनीही मजेत दर जाहीर केला, तांब्याच्या अंगावरच्या गोचिडाला एक रुपया, वाटीत दाखवला तरच. पहिल्या आठवड्यात ओम्यानं बावीस रुपये मिळवले. नंतर गोळीचा गुण आला, तांब्या स्वच्छ झाला आणि धंदा बसला.

परवा संध्याकाळी आईंनी दिवा लावला, मागचं दार लावलं, पुढचं उघडलं, जाळीचंही, कारण शुक्रवार होता. त्या उघड्या दारातून ओम्या धापा टाकत आत आला आणि अण्णांच्या पुढ्यात काडेपेटी ठेवली.

"सात आहेत. सात रुपये."

अण्णांनी चष्मा लावून पेटी किलकिली केली. आत एरंडाच्या बियांसारखे टपोरे, राखाडी काहीतरी होते. अण्णांचं लहानपण गोठ्यात गेलेलं.

"हे तांब्याचे नव्हेत. हे गाईचे आहेत. कुणाच्या गोठ्यात गेला होतास?"

ओम्या तांब्याकडं बघायला लागला. तांब्या बाहेर बघायला लागला.

"आणि हे पाचच आहेत," अण्णा म्हणाले.

"सात होते. मी मोजून ठेवलेत."

आईंनी हातातली निरांजनं तशीच धरून दोन्ही पाय खुर्चीवर घेतले.