ऑटोफ्लॉवर भांगेवरचा सेमिनार आणि अडवलेली फाईल

वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करत असाल आणि सेमिनारला भांगेचं झाड घ्यायचं मनात असेल, तर हे वाचून ठेवा. गाईड लगेच हो म्हणाले, विभागप्रमुखांनी सही केली. पुण्यातल्या आमच्या कॉलेजात फाईल अडली ती ऑफिसातल्या एका टेबलावर. ते आठवलं की अजून डोकं तापतं.

विषय ‘संकरित ऑटोफ्लॉवरिंग कॅनाबिसची वैशिष्ट्ये’, म्हणजे दिवसाच्या लांबीवर न थांबता वयावर फुलणारी संकरित भांग. काम सगळं ग्रंथालयातलं; बी नाही, कुंडी नाही. त्या टेबलावरच्या क्लार्क भाऊसाहेबांनी शीर्षक वाचलं आणि फाईल बाजूला सारली. “पोलिसांचा ना हरकत दाखला आणा.” चौकीत गेले, तर हवालदार म्हणाले, “मॅडम, वाचायला कसला दाखला? असलं काही आम्ही देत नाही.” परत टेबलावर. “मग देत नाही, असं लेखी आणा.” ते कोण देणार? पीएमपीच्या बसमधून चौकी ते कॉलेज नुसत्या चकरा. तोवर वर्गातल्या बाकीच्यांचे विषय मंजूर होऊन त्यांचं वाचनही सुरू झालं होतं.

फाईल देताना आवक क्रमांक मात्र घ्याच. तो नसेल तर फाईल आलीच नाही म्हणतात.

शेवटी एनडीपीएस कायदा, १९८५ या अमली पदार्थांविषयीच्या कायद्यातल्या कलम ८ ची प्रत काढली. लागवड, उत्पादन, बाळगणं, विक्री, वाहतूक, सेवन असं सगळं त्यात आहे. अभ्यासाचे लेख वाचण्यावर बंदी कुठेच नाही. प्रत वाचून भाऊसाहेबांनी विचारलं, “पण ऑटो म्हणजे आपोआप उगवणारं ना?” त्यांची भीती ही होती! कोणी आधी विचारलं असतं तर आधीच सांगितलं असतं.

मग त्यांना समजावलं. साधी भांग शेवंतीसारखी: रात्र मोठी झाली की फुलते. म्हणून तर शेवंतीवाले फुलणं पुढे ढकलायला पॉलिहाऊसमध्ये रात्री दिवे लावतात. भांगेचा रुडेरालिस हा प्रकार तसा नाही. यानिशेव्स्की या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२४ मध्ये त्याचं वर्णन केलं. उत्तरेकडचा उन्हाळा तोकडा, थंडीआधी बी धरायलाच हवं. म्हणून ते झाड दिवसाच्या लांबीवर न थांबता वयावर फुलतं. सॅटिव्हा किंवा इंडिका या भांगेच्या दुसऱ्या प्रकारांशी त्याचा संकर केला की ऑटोफ्लॉवर जाती मिळतात: बुटक्या, तीन-चार आठवड्यांत कळीवर येणाऱ्या, साधारण आठ ते बारा आठवड्यांत आयुष्य संपवणाऱ्या. वयावर फुलण्याचा हा गुण अप्रभावी, म्हणजे दोन्ही पालकांकडून आला तरच दिसणारा, त्यामुळे पहिल्या पिढीत सहसा दिसत नाही. दुसरीत साधारण चौथाई झाडांत उतरतो. रुडेरालिसमध्ये टीएचसी हे नशा आणणारं रसायन कमी असतं, पण संकरात ते दुसऱ्या पालकावरही अवलंबून असतं. ‘ऑटो’ शब्दावरून नशेचा अंदाज बांधता येत नाही.

भाऊसाहेबांनी शांतपणे ऐकलं आणि शिक्का मारला. माझं समाधान झालं, पण ते आठवडे गेले ते गेलेच.

‘झाडाचा कोणताही भाग हाताळला जाणार नाही’ असं गाईडचं पत्र अर्जालाच जोडा, म्हणजे चौकीचा विषयच निघणार नाही. प्रत्यक्ष झाड लावून प्रयोग करायचा असेल तर मात्र हे कागद पुरणार नाहीत. त्याला शासनाची परवानगीच लागते.